ट्यूबलेसचं पंक्चर: बाहेरून पट्टी भरायची की टायर उतरवून आतून पॅच मारायचा?

घाटवळण

इथे पंक्चरवर सुटे सुटे प्रश्न सारखे येतात, कुणी विचारतं सीलंट टाकू का, कुणी विचारतं टायरच्या बाजूला पट्टी चालेल का, उत्तरं दहा ठिकाणी विखुरतात आणि नंतर कुणालाच सापडत नाहीत. म्हणून एकच धागा काढतोय, कारच्या ट्यूबलेस टायरचं जे काय असेल ते इथे लिहा.

माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे वाद घालायला बरं पडेल. बाहेरून भोकात भरलेल्या चिकट रबरी पट्टीवर घरी जावं, फार तर पुढच्या चांगल्या वर्कशॉपपर्यंत जावं, पण तिला दुरुस्ती म्हणू नये. टायर रिमवरून उतरवून आतून डोळ्यांनी बघितला, भोक पूर्ण भरलं आणि आतल्या बाजूला पॅच बसवला तरच पंक्चर निघालं असं मी मानतो.

आता का ते. ट्यूबलेसमध्ये ट्यूब नसते पण ट्यूबचं काम करणारा एक पातळ थर आतून चिकटलेला असतो, लायनर म्हणतात त्याला, ब्यूटिल जातीच्या रबराचा, ज्यातून हवा फार हळू झिरपते. त्याच्या बाहेर दोऱ्यांचा थर, बहुतेक पॉलिएस्टरचा, त्याच्यावर पोलादी तारांचे पट्टे आणि सगळ्यात वर रस्त्याला घासतो तो ट्रेड. खिळा हे सगळे थर फोडून आत जातो. आपण काय बघतो, तर हवा थांबली का, थांबली की खूश. पण भोक बाहेरून उघडं राहिलं तर त्यातून पाणी तारांपर्यंत पोचतं, तारा गंजतात, रबराची आणि तारांची पकड सुटायला लागते आणि मग कधीतरी वेगात असताना ट्रेड फुगतो किंवा सोलून निघतो. उलट बाहेरून भोक बुजवलं आणि आतला लायनर फाटकाच ठेवला तर हवा त्या फटीतून थरांच्या मधे शिरत राहते. म्हणजे नुसता पॅच पण अर्धवट आणि नुसती पट्टी पण अर्धवट. मशरूम पॅच म्हणतात तो यासाठीच आहे, त्याचा देठ भोक भरतो आणि छत्री आतून लायनर बंद करते.

हे माझ्या मनाचं नाही. अमेरिकेतल्या टायर उत्पादकांची संघटना, यूएसटीएमए, तिचे नियम असेच आहेत: टायर उतरवूनच काम करा, भोक ६ मिमीपेक्षा मोठं नको, फक्त ट्रेडमध्ये असेल तरच, आणि पॅच व देठ दोन्ही हवेत. ब्रिटिश स्टँडर्ड एयू १५९ मध्ये तर ट्रेडच्या रुंदीचा मधला तीन चतुर्थांश भागच छोट्या दुरुस्तीला चालतो, कडेचा भाग नाही.

बोला.

मधली लेन

घाटवळण, माहिती चांगली आहे पण प्रत्यक्षात कोण उतरवतं हो टायर? मी वर्षानुवर्षं पट्ट्यांवरच गाड्या चालवल्यात, टायर झिजून संपला तरी पट्टी जागच्या जागी. पाच मिनिटांत काम होतं, चाक पण काढावं लागत नाही कधीकधी. आणि टायर उतरवताना मशीनवर रिमची कड खरवडली जाते, बीड म्हणजे रिमवर बसणारी टायरची कड दुखावते, आत हवेचा सेन्सर असेल तर तुटायची भीती, ते नुकसान कोण धरणार? पट्टी नीट भरली तर काही होत नाही हा माझा अनुभव आहे आणि माझ्यासारखे लाखो लोक असतील.

घाटवळण

मधली लेन, पट्टी टिकत नाही असं मी म्हटलंच नाही, टिकते, खूप वेळा टायरच्या आयुष्यभर टिकते. माझा आक्षेप पट्टीवर कमी आणि न बघण्यावर जास्त आहे. हवा कमी झालेल्या टायरवर गाडी किती चालली हे बाहेरून कळत नाही. भोक ३ मिमीचं असेल, पट्टी झकास बसेल, पण टायर आधीच आतून मेलेला असेल तर?

ग्रीसचे हात

घाटवळण यांच्याशी सहमत. माझा रोजचा धंदाच हा आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गाडी येते, मालक म्हणतात हवा अगदी आत्ताच उतरली, जवळूनच आलो. टायर उतरवला की मी सगळ्यात आधी आत हात फिरवतो. चांगला टायर आतून गुळगुळीत लागतो, बोटाला काही येत नाही. दबून चाललेल्या टायरमध्ये बोटं काळी होतात, खोडरबराचा पडतो तसा बारीक भुगा खाली साठलेला असतो आणि बाजूच्या भिंतीवर आतून एक पट्टा दिसतो गोल फिरलेला, खरखरीत, कधी त्यातून दोरे पण डोकावतात. हा भुगा म्हणजे लायनरचं आणि साइडवॉलचं रबर, घडी पडून पडून घासलं गेलेलं. असा टायर मी परत चढवत नाही, भोक कितीही लहान असो. गिऱ्हाईक चिडतं, म्हणतं बाहेरून तर नवाकोरा दिसतोय, तर मी त्यांना सरळ आतच बोट लावायला सांगतो, मग बोलायची गरज राहत नाही.

साइडवॉल हीच टायरची वाकणारी जागा आहे, चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला ती वाकते आणि सरळ होते. हवा कमी म्हणजे वाकणं जास्त, वाकणं जास्त म्हणजे उष्णता जास्त, आणि उष्णतेने दोरे आणि रबर यांचं नातं तुटतं. टायर फुटतात ते बहुतेक असे, खिळ्याने नाही.

मधली लेन, मशीनवर रिम खरवडते हे खरं आहे, पण ते मशीनचा दोष नसून हाताचा आहे. प्लॅस्टिकची गार्ड लावायची, बीडला साबणाचं पाणी किंवा बीड पेस्ट लावायची आणि सेन्सर व्हॉल्व्हपाशी असतो तिथे बीड दाबायचाच नाही.

निळी हॅचबॅक

एक प्रश्न विचारू का, माझ्या मागच्या डाव्या टायरमध्ये स्क्रू रुतलेला दिसतोय, डोकं पूर्ण घासून चपटं झालंय म्हणजे बरेच दिवस असणार, पण हवा अजिबात कमी होत नाहीये. काढू का राहू देऊ? घरात पक्कड आहे, ओढला तर निघेल असं वाटतंय. आणि काढल्यावर हवा गेली तर स्टेपनी बदलायला येते मला पण एकटीने कधी बदललेली नाही.

ग्रीसचे हात

ताई, पक्कड लावू नका. आधी हवा मोजा आणि लिहून ठेवा, मग त्या स्क्रूवर साबणाचं दाट पाणी ओता आणि नीट बघा. बारीक बुडबुडे वाढत असतील तर तो आरपार आहे आणि स्वतःच बुचासारखा बसलाय, काढला की हवा जाणार. बुडबुडे नाहीत तरी खात्री धरू नका, गाडी एका जागी उभी असताना काही भोकं गप्प असतात आणि चालताना गळतात. नव्या टायरच्या ट्रेडची खोली साधारण ८ मिमी असते आणि त्याखाली आणखी रबर असतं, त्यामुळे आखूड स्क्रू पुष्कळदा नुसता रबरातच असतो, आत पोचलेलाच नसतो. पण ते कळणार काढल्यावरच, म्हणून जिथे काढून लगेच दुरुस्त होईल अशाच जागी काढायचा. तोवर हवा रोज बघा आणि हायवेला नेऊ नका. स्टेपनीत हवा आहे का ते आजच तपासा.

जुना ड्रायव्हर

स्टेपनीचा विषय निघालाच आहे तर चाक बदलण्यावर लिहितो, कारण पंक्चरने माणसं मरत नाहीत पण जॅक घसरून आणि मागून येणाऱ्या गाडीने मरतात. मला हे अगदी मनापासून सांगायचंय.

हवा गेली असं वाटलं, स्टिअरिंग एका बाजूला ओढायला लागलं किंवा फटफट आवाज आला, तर करकचून ब्रेक मारू नका, ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरा, गाडी आपोआप मंदावू द्या आणि मग कडेला घ्या. वळणावर थांबू नका, चढावर थांबू नका, थोडी पुढे सपाट कडक जागा दिसत असेल तर अगदी हळू तिथवर न्या, टायर गेला तर गेला. रस्त्याच्या बाजूचं चाक असेल आणि गाड्या भरधाव जात असतील तर बदलूच नका, सगळ्यांना उतरवून रस्त्यापासून लांब, कठड्याच्या पलीकडे उभं करा आणि मदत बोलवा.

बदलायचंच असेल तर हँडब्रेक, गाडी गिअरमध्ये, ऑटोमॅटिक असेल तर पी, आणि जे चाक काढायचं त्याच्या तिरप्या समोरच्या चाकाला पुढून मागून दगड किंवा विटा. नट आधी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करायचे, चाक हवेत गेल्यावर जोर लावाल तर गाडी जॅकवरून ढकलाल. जॅक कुठे लावायचा त्याच्या खुणा दाराखालच्या पत्र्याच्या कडेला असतात, दोन खाचा, त्यांच्या मधेच. जमीन भुसभुशीत असेल तर खाली जाड फळी ठेवा. आणि गाडी उचलली की काढलेलं चाक किंवा स्टेपनी गाडीखाली आडवी सरकवून ठेवा, जॅक घसरलाच तर गाडी चाकावर टेकेल. तुमचं डोकं, हात, पाय काहीही गाडीखाली नको, नट शोधायला पण नको.

निळी हॅचबॅक

दादा, गाडीखाली दुसरं चाक ठेवायचं हे मला कुणीच सांगितलं नव्हतं, मनापासून आभार. वाचनखूण साठवली.

एक अडचण सांगते, नट इतके घट्ट असतात की मला हलतच नाहीत, गाडीसोबत आलेला पान्हा अगदी आखूड आहे. पायाने दाबला तर चालतो का?

टॉर्करेंच

पायाने दाबून सैल करायला हरकत नाही, पान्हा आडवा ठेवा म्हणजे डावीकडे, नट उघडतो त्या बाजूला, आणि वजन हळूहळू टाका, उड्या मारू नका, पान्हा निसटला की घोटा जातो. त्यापेक्षा लांब दांड्याचा किंवा क्रॉस पान्हा गाडीत ठेवा, तरफ लांब झाली की तेवढ्याच जोरात नट सुटतो.

पण घट्ट करताना पाय अजिबात नको. नट एवढे घट्ट होतात कारण कुणीतरी एअर गनने धडाधड मारलेले असतात. किती घट्ट करायचे ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये न्यूटन-मीटरमध्ये दिलेलं असतं, गाडीगणिक वेगळं असतं, तोच आकडा धरायचा. जास्त घट्ट केले तर बोल्ट ताणला जातो आणि ब्रेक डिस्क तिरकी होऊन ब्रेक मारताना पेडल थरथरतं, कमी केले तर चाक सैल. आधी हाताने सगळे नट फिरवून बसवायचे, मग तिरप्या समोरासमोरच्या क्रमाने थोडे थोडे, मग गाडी खाली घेऊन शेवटचं घट्ट करायचं. आट्यांना तेल ग्रीस लावू नका, घर्षण कमी झालं की तेवढ्याच टॉर्कला बोल्टवर ताण जास्त येतो. आणि चाक बदलल्यावर ५० ते १०० किमी चालली की परत एकदा तपासायचे, ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात.

स्टेपनी जर बारीक, तात्पुरती असेल तर तिच्यावर ८० किमी प्रतितास असं छापलेलं असतं, ते खरंच पाळा. तिच्यात हवा पण जास्त लागते, बहुतेक ६० पीएसआय म्हणजे ४.२ बार, आणि मोठ्या चाकाइतकीच ३०-३२ भरून लोक वर्षभर ठेवून देतात. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत पंक्चर पुढचं असेल तर बारीक स्टेपनी मागे लावून मागचं चांगलं चाक पुढे घेणं बरं, कारण स्टिअरिंग, ब्रेकचा जास्त भार आणि इंजिनाचा जोर तिन्ही पुढच्या चाकांवर येतात. मेहनत दुप्पट आहे, जागा सुरक्षित असेल तरच करा.

मधली लेन

बरं, न बघण्याचा मुद्दा पटला, भुग्याचं मला माहीत नव्हतं. पण मग रस्त्यावर अडकलेल्या माणसाने पट्टी तरी नीट कशी भरायची ते कुणीतरी लिहा की, किट घेऊन ठेवतात सगळे आणि वेळेवर काहीच जमत नाही.

घाटवळण

लिहितो, हा माझा आवडता भाग आहे.

खिळा काढायच्या आधी तो कोणत्या कोनात गेलाय ते बघा, कारण किटमधला टोचा त्याच कोनात घालायचा असतो. सरळ घातलात तर तुम्ही दुसरं भोक पाडता. खिळा काढण्याआधी पट्टी सुईच्या नेढ्यात ओवून, दोन्ही टोकं सारखी करून, सोल्यूशन लावून तयार ठेवा. मग खिळा काढा आणि लगेच दातेरी टोचा आत घालून दोन-तीनदा फिरवत वर-खाली करा, भोकाच्या भिंती खरखरीत झाल्या पाहिजेत एवढंच. इथे लोक जोशात घासत सुटतात, त्याने पोलादी तारा आणखी तुटतात आणि भोक मोठं होतं. ड्रिल मशीनने भोक मोठं करणारे पण पाहिलेत मी, कृपा करून नका करू.

मग पट्टीची सुई त्याच कोनात दाबायची. जोर लागतो, खूप लागतो, हातातल्या हातात जमत नसेल तर चाक काढून जमिनीवर आडवं ठेवा आणि अंगाचं वजन वापरा. पट्टीची दोन्ही टोकं साधारण एक-दीड सेंटिमीटर बाहेर उरेपर्यंत आत न्यायची आणि मग सुई न फिरवता एका झटक्यात सरळ बाहेर ओढायची. नेढ्याला चीर असते, तिच्यातून पट्टी सुटते आणि आत घडी होऊन अडकते. हळू ओढलीत तर सुईबरोबर पट्टीही बाहेर येते. बाहेर आलेली टोकं ट्रेडच्या जरा वर कापा, अगदी रबराला लागून कापू नका, चालवताना ती दाबली जातात. हवा भरा, साबणाचं पाणी लावा, बुडबुडा येत नाही बघितल्यावरच निघा.

पट्टी हाताला चिकट लागली पाहिजे. वर्षानुवर्षं डिकीत उन्हात पडलेल्या किटमधल्या पट्ट्या कोरड्या पडतात आणि सोल्यूशनची ट्यूब न उघडताच आतून वाळून जाते, ते अधूनमधून बघत जा. हवा भरायचा छोटा कंप्रेसर नसेल तर किट असून उपयोग नाही हेही लक्षात घ्या.

वळणदार

साइडवॉलला कट आहे, छोटासाच, खांद्यापाशी, जिथे ट्रेड संपून बाजू सुरू होते. हवा अगदी थोडी कमी होते. एकाने सांगितलं आतून मोठा पॅच मारून देतो, टायर नवीन आहे म्हणून जीव तुटतोय. मारून घेऊ का?

ग्रीसचे हात

नको. नवीन टायर जाताना वाईट वाटतं हे मी रोज बघतो पण नको. ट्रेडखाली पोलादी पट्टे असतात, ते पॅचच्या जागेला ताठ ठेवतात, म्हणून पॅच टिकतो. साइडवॉलमध्ये फक्त दोरे, बहुतेक कारमध्ये एक किंवा दोन थर, आणि सगळा हवेचा ताण त्या दोऱ्यांवर. ते तुटले की पॅच हवा धरेल पण दोऱ्याचं काम करणार नाही, आणि ती जागा दर फेऱ्याला वाकते त्यामुळे पॅच कडेने उकलत जातो. खांदा पण तसाच वाकतो. बाजूला फुगवटा दिसला तर समजायचं आतले दोरे तुटलेत, तिथे तर भोक नसलं तरी टायर बदलायचा.

घाटवळण

+१. आणि वळणदार, तुमची गाडी चारही चाकं ओढणारी असेल तर एकच नवा टायर घेण्याआधी बाकीच्या तिघांची झीज मोजा. नव्या आणि झिजलेल्या टायरचा घेर वेगळा असतो, त्यामुळे चाकं वेगवेगळ्या गतीने फिरतात आणि अशा गाड्यांच्या ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या भागावर, सतत ताण येतो, किती फरक चालतो ते मॅन्युअलमध्ये असतं. दोन चाकं ओढणाऱ्या गाडीत निदान एका ॲक्सलवर जोडी सारखी ठेवा.

रात्रीचा प्रवास

सीलंटबद्दल कुणीच बोललं नाही. नव्या गाडीत स्टेपनीच नाहीये, फक्त बाटली आणि कंप्रेसर दिलाय. त्यावर भरवसा ठेवावा का?

टॉर्करेंच

अडकलेल्या वेळी ठेवा, कायमचा नको. बहुतेक सीलंट लॅटेक्सचं असतं, हवेबरोबर बाहेर पडताना भोकात साचून घट्ट होतं. ट्रेडमधल्या लहान भोकाला चालतं, कटला आणि साइडवॉलला नाही. टाकल्यावर कंप्रेसरने हवा भरून लगेच काही किमी गाडी चालवायची म्हणजे ते आत सगळीकडे पसरतं, मग थांबून हवा परत मोजायची, आणि हवा टिकत नसेल तर तिथेच थांबायचं. वेग ८० च्या आत ठेवायचा. बाटलीवर मुदतीची तारीख असते, ती उलटून गेलेली बाटली कामाची नाही.

नंतर वर्कशॉपला गेल्यावर सीलंट टाकलंय हे आधी सांगा, टायर उघडला की अंगावर येतं ते. आतून पूर्ण पुसून काढल्याशिवाय पॅच धरत नाही, आणि हवेचा सेन्सर असेल तर त्याचं बारीक भोक बुजलंय का तेही बघावं लागतं.

हवेचा दिवा लागेल तेव्हा बघू असंही करू नका. अमेरिकेत २००७ च्या सप्टेंबरपासून नव्या गाड्यांना टीपीएमएस म्हणजे हवा कमी झाली की दिवा लावणारी यंत्रणा सक्तीची झाली, त्या नियमात दिवा लागायची मर्यादा सांगितलेल्या हवेच्या २५ टक्के खाली आहे. म्हणजे ३३ भरायचे असतील तर २५ च्या आसपास येईपर्यंत दिवा गप्प राहिला तरी तो नियमातच आहे. आणि काही गाड्यांत सेन्सरच नसतो, एबीएसवरून चाकाची गती बघून अंदाज काढतात, चारही चाकांत सारखीच हवा कमी झाली तर अशा यंत्रणेला ते पकडायला अवघड जातं. महिन्यातून एकदा गेज लावून थंड टायरला मोजा. चांगल्या टायरमधूनही महिन्याला १-२ पीएसआय जाते, आणि तापमान १० अंशांनी उतरलं की दीड-दोन आणखी.

रात्रीचा प्रवास

धन्यवाद. रन फ्लॅट असेल तर हे सगळं टळतं ना?

टॉर्करेंच

पूर्ण नाही. त्यांची साइडवॉल जाड असते म्हणून हवा नसताना गाडी पेलतात, पण साधारण ८० किमी अंतर आणि ताशी ८० चा वेग हीच मर्यादा, कंपनीप्रमाणे कमीजास्त. आणि हवेशिवाय किती चालला हे बाहेरून कळत नाही, त्यामुळे शून्य हवेवर चाललेला रन फ्लॅट दुरुस्त करायचा की नाही यावर कंपन्यांची मतं वेगळी आहेत, तुमच्या टायर कंपनीचं जे म्हणणं असेल ते पाळा.

जुना ड्रायव्हर

एक जुनी गोष्ट सांगतो, विषयाला धरून आहे. डनलॉपने हवेचा टायर १८८८ मध्ये आणला, त्याआधी १८४५ मध्येच थॉमसनने पेटंट घेतलं होतं. पण सुरुवातीला हे टायर रिमला चिकटवलेले असायचे, त्यामुळे पंक्चर म्हणजे टायर सोलायचा, दुरुस्त करायचा, परत चिकटवायचा आणि वाळायची वाट बघत बसायचं. मिशेलिन बंधूंनी १८९१ मध्ये सायकलसाठी निघणारा टायर केला आणि त्याच वर्षी पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस शर्यत शार्ल तेरों त्याच टायरवर जिंकला. टायर काढता येतो म्हणूनच नीट दुरुस्त होतो, ग्रीसचे हात जे सांगतायत ते तेव्हापासून चालत आलंय.

वळणदार

काका, छान माहिती. बदलतो टायर, नाही मारत पॅच.

ग्रीसचे हात, खिळा बिळा काही नसताना हवा कमी होते ते काय असतं? दुसऱ्या चाकाला तसं होतंय.

ग्रीसचे हात

आधी व्हॉल्व्हची टोपी काढून तोंडावर साबणाचं पाणी लावा, बुडबुडा आला तर आतली पिन सैल आहे किंवा खराब आहे. मग व्हॉल्व्ह रबरी असेल तर तो बुडाशी वाकवून बघा, चिरा पडलेल्या असतात, टायर बदलताना व्हॉल्व्ह नवा घालायचा तो यासाठीच. तिथे काही नसेल तर रिम आणि टायर मिळतात ती कड. अलॉय रिमवर तिथे गंजाची पांढरी भुकटी धरते आणि टायर नीट बसत नाही, टायर उतरवून कड घासून साफ केली की थांबतं. खड्ड्यात आपटून रिम वाकली असेल तरी तिथूनच जाते, मात्र अलॉयला बारीक तडा असेल तर तो आतून शोधावा लागतो. पूर्ण चाक पाण्याच्या टाकीत बुडवून हळूहळू फिरवलं की चोर सापडतो, घाई करायची नाही, काही गळत्यांना एक बुडबुडा सोडायलाही बराच वेळ लागतो.

निळी हॅचबॅक

अपडेट देते, काल स्क्रू काढून घेतला, आरपार होता. तिथे टायर उतरवणारा माणूस नव्हता म्हणून सध्या पट्टी भरलीये. हवा टिकतेय. आता पुढच्या आठवड्यात दुसरीकडे मशरूम मारून घेतला तर चालेल का, की एकदा पट्टी गेली की गेली? आणि तो नीट मारतोय की नाही हे मला कसं कळणार?

ग्रीसचे हात

चालेल ताई. भोक ६ मिमीच्या आत असेल, ट्रेडच्या मधल्या भागात असेल, ट्रेड १.६ मिमीपेक्षा जास्त शिल्लक असेल आणि आत भुगा नसेल तर पट्टी काढून तिथेच मशरूम बसतो. काही वर्कशॉप पट्टी भरलेला टायर घेतच नाहीत, टोच्याने भोक किती वाढलंय सांगता येत नाही म्हणून, तर आधी विचारून जा. शेजारी आधीचा पॅच असेल तर नवा त्याच्यावर चढता कामा नये.

उभं राहून बघा. आधी तो आतून लायनर क्लीनर लावून खरवडून पुसेल, कारण टायर साच्यातून काढताना लावलेला तेलकट थर आतून राहिलेला असतो आणि त्यावर काहीच चिकटत नाही. मग भोकातून कटर फिरवेल, कमी वेगाच्या मशीनवर, खिळ्याच्या कोनात. मग पॅचपेक्षा जरा मोठा गोल बफ करेल म्हणजे घासून घेईल, मखमलीसारखा मॅट दिसला पाहिजे, दोरे उघडे पडले तर थांबवा. भुगा हवेने न उडवता ओढून किंवा झाडून काढेल. मग सोल्यूशन लावून ते वाळू देईल, बोटाच्या मागच्या बाजूने लावून बघितलं की चिकट लागलं पाहिजे पण बोटाला येता कामा नये. इथेच घाई होते. कुणी काडी लावून सोल्यूशन जाळायला निघाला तर टायर उचलून घेऊन या, आजच्या पॅचला रसायनाने धरायचं असतं, आगीने नाही, आणि ते द्रावण भडकतं.

मग देठ आतून ओवून बाहेरून ओढेल, छत्री लायनरला पूर्ण टेकेपर्यंत, आणि रोलरने मधून कडेकडे दाबत जाईल म्हणजे खाली हवा राहत नाही. कडेने सीलर लावेल. बाहेरचा देठ शेवटी ट्रेडच्या किंचित वर कापेल, ओढून न ताणता.

आणि उतरवायच्या आधी व्हॉल्व्हच्या समोर टायरवर खडूने खूण करायला सांगा, टायर त्याच जागी परत बसला तर बॅलन्सिंग फार बिघडत नाही. तरी बॅलन्सिंग करून घ्याच. टायरवर फिरायच्या दिशेचा बाण असेल तर तो उलटा बसला नाही ना तेवढं निघताना बघून घ्या.